झटके देणारी गाडी

मीना कार चालवायला शिकत होती आणि शेजारी बसलेला तिचा नवरा कल्याण तिला सारखा बोलत होता. गाडी झटके द्यायची, काळा धूर सोडायची आणि पेट्रोल तर पाण्यासारखं प्यायची.

"क्लच हळू सोड म्हणलं ना! तुला हे जमणारच न्हाई."

मीनाला रडू येत होतं, पण तिनं स्टेअरिंग सोडलं नाही. तशीच रखडत रखडत तिनं गाडी मंठा गावातल्या गॅरेजपर्यंत आणली.

संघपाल मिस्त्रीनं बॉनेट उघडलं, काजळीनं काळा झालेला प्लग काढून पाहिला, मग आत टॉर्च मारला आणि हसायलाच लागला.

"कल्याणभाऊ, उंदरानं सेन्सरची वायर खाल्ली. हवा किती अन् पेट्रोल किती, इंजिनला काही कळंना. ते नुसतं पेट्रोल ओतून राह्यलंय. असली गाडी बंद न पडू देता इथवर आणली कोणी?"

कल्याणनं खाली बघत मीनाकडं बोट दाखवलं.

"मंग वहिनी, तुम्ही तर पक्क्या ड्रायव्हर झाल्या!"

नवी वायर जोडल्यावर गाडी सुरळीत पळू लागली. गावच्या फाट्यावर मात्र मीनानं गाडी वळवलीच नाही.

"अगं, घर तिकडं राह्यलं!"

"माहितीये. तीर्थपुरीला चालले, माझ्या माहेरी," मीना म्हणाली. "आज गाडीत बसलेलेच आहात, तर चला. पुढच्या टायमाला मी एकटीच जाणार."