कप आणि कर्ता

मोठ्या कोरियन साहेबांचं कोपर लागलं आणि चहाचा कप मुलाखतीच्या खोलीत फुटला. "हे काय झालं?" त्यांनीच कोरियनमध्ये विचारलं.

रेवतीला दुभाष्याची नोकरी हवी होती. "कप फुटला" एवढं पुरलं असतं. पण कोरियनच्या क्लासच्या सरांनी बजावलं होतं: कर्ता गिळायचा नाही, कर्माला प्रत्यय लावायचा, क्रियापद सकर्मक. घरी पाणीसुद्धा ती तसंच मागायची. तिने खणखणीत कोरियनमध्ये सांगितलं, "साहेबांनी कप फोडला."

साहेब लालेलाल झाले. शेजारच्या मराठी मॅनेजरबाईंना कोरियनचा गंध नव्हता. "अगं, काय बोललीस तू?"

रेवती सांगणार तोच साहेब काहीतरी पुटपुटले.

"आता काय म्हणाले?"

रेवतीने इमानदारीत भाषांतर केलं, "ही दुभाषी म्हणून नको. कारखान्यातल्या अपघातांच्या चौकशीवर घ्या."