दाराबाहेरचा कडुलिंब

निपाणीत आमच्या एका खोलीच्या घरात आई विड्या वळायची. वाऱ्यानं सुपातली तंबाखू उडते, म्हणून दार-खिडकी बंद. गल्लीतल्या बाकी पोरी आपापल्या आईला चिकटून विड्यांना दोरा बांधायच्या. मला मात्र आई शाळेतून आल्या आल्या बाहेर काढायची आणि समोरच्या कडुलिंबाकडे बोट दाखवायची. "तितं लिंबाखाली बस जा. हाक मारल्याबिगार आत यायचं न्हाय."

एकदा मी रडत दार वाजवलं, तर तिनं आतून कडी घातली. लिंबाखाली गार वारा असायचा, पण मला ती सावली शिक्षाच वाटायची. तिथंच जेवले, तिथंच अभ्यास केला, आणि आईला मी नकोच होते हे मनात धरून बसले. डॉक्टर होऊन बेळगावात राहिले, तरी तिला कधी चार दिवस राहायला ये म्हटलं नाही.

परवा ती खोकत खोकत आपणच माझ्या दवाखान्यात आली. तिच्या छातीचा एक्स-रे मी उजेडाला धरला. तंबाखूच्या धुळीनं दोन्ही फुप्फुसं खाऊन टाकली होती.

तिनं त्या फिल्मकडे बघितलंसुद्धा नाही.



"माझं ऱ्हाऊ दे गं, पारू. आता तुझाबी फोटू काढ. तुझी छाती साफ हाय न्हवं, एवढं डोळ्यानं बघू दे मला."