बारा तारखेची कवळी

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी इग्नेशियस मिरांडा यांनी अंधेरीतल्या महापालिकेच्या दवाखान्यात दात मागितले. वरचे आणि खालचे, सगळे. बारा मेच्या आत.

दातांची डॉक्टर संघमित्रा कांबळे हिने यादी पाहिली. ज्येष्ठांच्या मोफत योजनेत महिन्याला वीस कवळ्या बसत. मेच्या यादीत इग्नेशियस एकविसावे होते. बाहेर करून घ्यायची त्यांची ऐपत नव्हती.

“जूनमध्ये होईल, आजोबा.”

“जूनमध्ये दात घेऊन काय करू? बारा तारखेला चर्चमध्ये लग्न आहे. चार माणसांत उभं राहून बोलायचंय. दात नाहीत तर ‘स’चा ‘फ’ होतो माझा. ऐका. फंघमित्रा.”

सोबत आलेली नात खुदकन हसली. लिओना तिचं नाव. पंचविशीची, मांडीवर साड्यांच्या दुकानाची भलीमोठी पिशवी.

“फोटोसाठी पण हवेत, डॉक्टर. ग्रँपा तोंडच उघडत नाहीत.”

संघमित्राने तिच्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं आणि फोन उचलला. यादीतले एक आजोबा कराडला लेकीकडे गेले होते.

“माझी पुढच्या महिन्यात बसवा,” ते आनंदाने म्हणाले. “इथे सध्या रोज आमरस आहे.”

नंबर मिळाला. आता तेरा दिवस होते. एरवी महिना लागे.

कवळ्या घडवणारा मार्तंड ऐकेना. “रविवारी सुट्टी असते माझी, मॅडम.”

“लग्नघर आहे, मार्तंड.”

“नवरी कोण?”

“ती बाहेर बसलीय ना, ती.”

मार्तंडने दारातून मान बाहेर काढून पाहिलं. “करू मग. झकास करू.”

समोरच्या दारावर नेत्रविभागाची पाटी होती. तिथल्या बाकावर बेटी डिमेलो बसलेल्या असत. मार्चमध्ये त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मोफत झालं होतं, औषधाचे थेंब खिडकीवर मिळत होते, फक्त चष्मा यायचा होता. तो आला का हे विचारायला त्या दर दोन दिवसांनी नातवाला घेऊन येत. त्याच दिवशी नेमके इग्नेशियसही.

“ए इग्नेशियस, तोंड मीट. माशी जाईल.”

“माशी दिसली तुला? मग चष्मा कशाला पाहिजे गं? सरकारचा खर्च वाचव!”

“तुझ्या तोंडाकडे बघायचं तर काळाच चष्मा लागेल.”

नर्स हसून बेजार. बेटीबाईंचा नातू रसेल आणि लिओना मात्र तिकडे लक्षही देत नसत. पॅसेजच्या टोकाला एका मोबाईलमध्ये डोकी घालून त्यांचं वेगळंच चाललेलं असे.

“दीडशे पाहुणे तुमचे नि पन्नास आमचे? हा कुठला न्याय, यार?”

“आमचं खानदानच मोठं आहे, त्याला मी काय करू? जेवणात ते गोल पावासारखे फुगे जास्त तळायला सांग. कोंबडीची खुडी कमी पडली तर वाट लागेल, सांगून ठेवतो.”

“आधी टाय घे एक चांगला. शाळेतला घालशील नाहीतर.”

संघमित्राला जोडा आवडला. म्हातारी मंडळी आतापासूनच व्याही-विहीण होऊन भांडतायत, याचीही तिला गंमत वाटली.

मेणाची कवळी तोंडात घालून पाहायच्या दिवशी इग्नेशियस आरशात बघायलाही तयार नव्हते.

“दुखतंय का?”

“नाही. कालच्या रविवारी चर्चमध्ये नावं वाचली. तिसऱ्यांदा. आमच्यात तीन रविवार वाचतात. कोणाची हरकत असेल त्याने सांगावं म्हणून.”

“मग आहे कोणाची?”

“माझ्या मुलाची. ॲश्टन, लिओनाचा बाप. चर्चमध्ये नाही बोलला, पण दुबईहून फोनवर बोलतो. म्हणे लोक काय म्हणतील. येतो की नाही, देव जाणे.”

“येतील हो. बापाचं मन आहे.”

इग्नेशियसनी तिच्याकडे जरा चमकून पाहिलं आणि मान डोलावली.

शुक्रवारी, दहा तारखेला, कवळी बसली. खालची जरा सैल होती. संघमित्राने दोनदा घासून, तिसऱ्यांदा बसवून पाहिली. मार्तंड दारात हाताची घडी घालून उभा राहिला.

“बोला काहीतरी.”

“संघमित्रा,” इग्नेशियस म्हणाले. मग खात्रीसाठी पुन्हा म्हणाले, “सं-घ-मि-त्रा.” आणि आरशात बघून एवढं मोठं हसले की बाहेरच्या बाकावरून आवाज आला, “बस झालं! झिजतील!”

बेटीबाईंच्या नाकावर नवा कोरा चष्मा होता.

“रविवारी साडेचारला,” इग्नेशियस म्हणाले. “पत्रिका छापल्या नाहीत. पण तुम्ही दोघं नाही आलात तर दात परत करीन.”

रविवारी संघमित्रा आणि मार्तंड मरोळच्या चर्चमध्ये पोचले तेव्हा चार पंचवीस झाले होते. चर्चमधलं लग्न दोघांनीही आधी पाहिलं नव्हतं. मागच्या बाकावर जागा मिळाली. पुढे वेदीपाशी इग्नेशियस सुटाबुटात उभे होते आणि दिसेल त्याला दात दाखवत होते. त्यांच्या शेजारी फिकट गुलाबी साडीत, हातात फुलांचा गुच्छ घेऊन लिओना. पहिल्या बाकावर ॲश्टनसाठी राखलेली जागा रिकामी होती. विमान उतरलंय, फोन लागत नाही, असं कोणीतरी कुजबुजलं.

साडेचारला पेटी वाजू लागली. सगळे उठून मागे वळले. दारात रसेल होता, नवा टाय लावून. त्याच्या हाताला धरून बेटीबाई.

“आजीला घेऊन आला, बघा,” मार्तंड पुटपुटला. “गुणाचा मुलगा.”

दोघं हळूहळू पुढे गेली. लोकांना ओळखत, चष्म्याआडून एकेकाला मान देत बेटीबाई चालत होत्या. पहिला बाक आला. संघमित्राला वाटलं, आता रसेल त्यांना बसवेल आणि लिओनाजवळ जाऊन उभा राहील.

रसेल थांबला नाही. तो वेदीपर्यंत गेला, आजीच्या गालाचा मुका घेतला आणि तिचा हात इग्नेशियसच्या हातात दिला.