उदाजीरावांची चोपडी

“पाचव्या सीटवर सामान राहील, आई,” प्रतापराव म्हणाले. “रत्नागिरी काय इथं आहे? दोन दिवसांचा रस्ता. तुझे गुडघे असे, त्यात किल्ल्याचा चढ. आम्ही चौघं आठ दिवसांत जाऊन येतो.”

“मग मला सामानात धरा,” भवानीबाई म्हणाल्या.

सूनबाई माधवी हसली. प्रतापराव हसले नाहीत.

भवानीबाईंना एकोणऐंशीवं चालू होतं. जन्म धारचा, सासर देवासचं. तलाव पाहिले, नर्मदा पाहिली, समुद्र तेवढा राहिला. सासरे दाखवतो म्हणाले, नवरा दाखवतो म्हणाला, आणि दोघंही भिंतीवरच्या तसबिरीत जाऊन बसले. मुलगा तर म्हणालासुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाला न सांगता त्या गावातल्या देवीच्या टेकरीवर गेल्या. रोपवे सोडून पायऱ्यांनी. वर प्रसादाच्या दुकानदाराकडून फोन मागून घेतला आणि मुलाला लावला.

“प्रताप, देवीपाशी उभी आहे. पायऱ्या चढून. तुझ्या किल्ल्याला याहून जास्त आहेत का ते विचारून ठेव.”

“आई, ही फालतू जिद्द कशाला?”

“कशाला ते तुला ठाऊक आहे.”

तरी नाही ते नाहीच. मग चार दिवसांनी, संध्याकाळचा दिवा लावल्यावर, भवानीबाईंनी देवघरातून उदाजीरावांची चोपडी काढली.

उदाजीराव म्हणजे त्यांचे आजेसासरे. संस्थानच्या घोड्यांच्या पागेवर होते आणि कामानिमित्त पार कोकणापर्यंत जाऊन आले होते, एवढं घरात सगळ्यांना माहीत. चोपडी मोडी लिपीत होती. दर दसऱ्याला ती लाल बासनातून निघायची, उदाजीरावांच्या घोड्याच्या जुन्या जिनाशेजारी पाटावर बसायची, हळदकुंकू लावून घ्यायची आणि परत बासनात जायची. वाचता कुणालाच येत नसे. पोरं हिंदी शाळेत शिकलेली, त्यांचं साधं मराठी वाचतानाही अडायचं. मोडी येत होती फक्त भवानीबाईंना. त्यांचे वडील धारच्या दरबारात कारकून होते, त्यांनी लेकीला पाटीवर गिरवून घेतली होती.

“ऐका,” त्यांनी चष्मा लावला. “‘रत्नागिरीचा किल्ला घोड्याच्या नालेसारखा. तिन्ही बाजूंना दर्या. आत भगवतीचं देऊळ.’”

नातू पियुषनं लगेच मोबाइलवर पाहिलं. “आजी, कमाल! एकदम करेक्ट. सेम नालच आहे!”

प्रतापरावांनी पेपर खाली ठेवला.

त्यानंतर रोज संध्याकाळी एक पान. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी कैद करून तिथं ठेवलं, त्याचा वाडा अजून उभा आहे. एका किनाऱ्याची वाळू काळी, दुसऱ्याची पांढरी. पियुष पडताळून बघे आणि दर वेळी मान डोलवे. ऐन रंगात आलं की भवानीबाई चोपडी मिटत.

“पुढचं?” नात अंकिता विचारी.

“पुढचं तिथं. जागेवर.”

एकदा त्या वाचून गेल्या, “‘मांडवीला संध्याकाळी गर्दी फार, पार्किंग मिळत नाही.’”

“आजी! उदाजीरावांच्या टाइमला पार्किंग?”

“मग टांगे काय डोक्यावर ठेवायचे?”

सगळे हसले. घरात त्या दिवसांत एकच भांडण होतं. अंकिता दुपारची झोपून उठेपर्यंत तिच्या फोनचा डेटा रोज संपलेला असायचा आणि ती पियुषच्या नावानं ओरडायची. तो देवाशपथ नाही म्हणायचा. माधवीलाही एक काळजी लागली होती. दुपारची जेवणं झाली की सासूबाई देवघराचं दार लोटून घेत आणि आत कुणाला तरी हिंदीत प्रश्न विचारत.

“देवीशी बोलत असेल,” प्रतापराव म्हणाले. “वय झालं.”

पण चोपडी वाचणारं दुसरं कुणी नव्हतं. निघायच्या आदल्या दिवशी सामान गाडीच्या टपावर गेलं आणि पाचवी सीट मोकळी झाली.

रत्नागिरीला ते दुपारी पोचले. लॉज गावात होता, खिडकीतून समोरची भिंत दिसत होती. दोन दिवस बसून भवानीबाईंचे पाय सुजले होते. लॉजचे मालक दत्ताजी, सत्तरीचे गृहस्थ, भिंग धरून एका माणसाला जुना कागद वाचून दाखवत होते.

“मोडी आहे का ही, काकाजी?” प्रतापरावांनी विचारलं.

“होय. लोक जमिनीचे कागद आणतात, मी वाचून देतो.”

प्रतापरावांचा चेहरा खुलला. “मग झालंच की! आई, तू आराम कर. चोपडी हे वाचून देतील. आम्ही किल्ला बघून येतो.”

भवानीबाईंनी चोपडी छातीशी धरली. “ती मीच वाचणार.”

“आता बस, आई. पाय बघ तुझे.”

प्रतापरावांनी ती हळूच, पण ओढूनच घेतली आणि दत्ताजींच्या हातात दिली.

दत्ताजींनी एक पान वाचलं. दुसरं उलटलं. तिसरं. मग चष्म्यावरून भवानीबाईंकडे पाहिलं. त्यांनी नजर खाली घेतली नाही. हनुवटी वर करून त्या सरळ बघत राहिल्या.

“काय लिहिलंय?” पियुषला धीर नव्हता.

“अक्षर सुरेख आहे,” दत्ताजी म्हणाले आणि त्यांनी घसा साफ केला. “‘किल्ल्यावर जाताना घरातल्या थोरल्या बाईस पुढे बसवावे. भगवतीची ओटी तिच्याच हातून भरावी. तिला मागे ठेवून कुणी जाऊ नये.’ स्पष्टच आहे.”

दसऱ्याला ज्या चोपडीपुढे प्रतापराव डोकं टेकवत, तिच्याशी हुज्जत कशी घालायची?

“पियुष,” शेवटी ते म्हणाले, “पुढची सीट मागं सरकव. आजीला पाय पसरू दे.”

गाडीत बसायला दत्ताजींनीच भवानीबाईंना हात दिला. चोपडी बासनात गुंडाळून त्यांच्या मांडीवर ठेवली, आणि दार लावता लावता वाकून फक्त त्यांनाच ऐकू जाईल असं म्हणाले,

“बाई, तिसऱ्या पानावरचं ते, पोट फुगलेल्या घोड्याला ताकातून ओवा आणि हिंग... आमच्या पणजोबांचंही हेच औषध होतं.”