रुखवतातली बरणी

रुखवतात लाडवांच्या ताटाशेजारी काचेची बरणी होती, तिच्यात गप्पी मासे फिरत होते. वऱ्हाडातल्या बायका पदराआड हसल्या. वरमाय गिरजाबाईला ते झोंबलं. “ही काय चेष्टा, विहीणबाई?” वधूची आई म्हणाली, “चेष्टा नाय. सोयरीक ठरवायला आलो, तवा तुमच्या गडब गावात तुमच्या दारचं डबकं बघितलं. आमच्याकडं असल्याच पाण्यातल्या डासांनी मेंदूज्वर आणला, त्यात माझा पोरगा गेला. मग मी गावभर हे मासे सोडत फिरले. डासांच्या अळ्या खातात. लेकीसंगट त्यांनाबी न्या.” गिरजाबाईला स्वतःची धाकटी आठवली. तापात झटके येऊन ती गेली, तेव्हा सगळे म्हणाले होते, बाहेरची बाधा. वरमाय असूनही ती विहिणीपुढे वाकली. बरणी तिनं घरापर्यंत मांडीवर धरली आणि सुनेला थेट डबक्यावर नेलं. “माप मागाहून ओलांड गो. आधी ही माहेरची माणसं आत जाऊंदेत.”