हत्तिणीचा खड्डा

नव्या नियमानं प्राणिसंग्रहालयात हत्ती ठेवायला बंदी आली आणि माहूत जिला आईसाहेब म्हणायचा ती हत्तीण अभयारण्यात गेली. "हत्तीण गेली, शेपूट राहिलं," म्हणत बायको त्याला चिडवायची. तोही सवयीनं रिकाम्या आवारात रोज पाणी सोडायचा. आईसाहेबांनी वर्षानुवर्षं लोळून केलेला खड्डा त्यामुळे भरलेलाच असायचा. शेवटी प्राणिसंग्रहालयाचे साहेब मातीचा ट्रक घेऊन आले. "बुजवा तो खड्डा. डास होतात." माहूत खड्ड्याच्या काठावर जाऊन उभा राहिला. तेवढ्यात गवतातून पाणकोंबडी बाहेर पडली, मागोमाग काळी पिल्लं. कुणी आणलेली नव्हती, आपली आपण आली होती. साहेबांनी ट्रक माघारी पाठवला. दुसऱ्या दिवशी पेंटर पाटीवरचा हत्ती पुसून पाणकोंबडी काढू लागला. "काका, हिच्या घराला नाव काय देऊ?" त्यानं थट्टेनं विचारलं. खड्ड्याकडे बघत माहुतानं हात जोडले. "लिही, आईसाहेबांची कृपा."