अकरा थांबे

मुलीने सहाव्या थांब्यावर लाल रेघ मारली आणि पेन्सिल कानामागे खोचली.

"आई, खरं सांग. या वळणावर बाबांना काय दिसायचं?"

आई सायकल दुकानाच्या दारात बसली होती. पुढ्यात पाण्याचं घमेलं, हातात फुगवलेली ट्यूब. पंक्चर शोधण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. मान वर न करता तिने विचारलं, "काय लिहिलंय त्यांनी?"

"'इथे दहा मिनिटं थांबा. समुद्राचं रूप डोळे भरून पाहा.' मी परवा थांबले. डोळे भरून भिंत पाहिली. भिंतीच्या अलीकडे विजेचा खांब."

आई हसली नाही.

पुस्तिका बाबांची होती. खडकाळ किनाऱ्यालगतच्या डोंगरवाटा, सायकलवरून हिंडणाऱ्यांसाठी. कुठे चढ, कुठे उतार, कुठे पाणी मिळतं, कुठे कुत्री अंगावर येतात, सगळं बारीक टाइपात. चार आवृत्त्या हातोहात गेल्या. पाचवीचं काम बाबा गेले तेव्हा अर्धवट राहिलं होतं, ते आता मुलीने अंगावर घेतलं. छापखानेवाल्याला सोमवारी मजकूर हवा होता. वाचकांच्या तक्रारीही साठल्या होत्या. एका गृहस्थांनी तर लेखकाला चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला सांगितलं होतं.

मुख्य वाटेवर अकरा थांबे होते. मुलीने आठवडाभर स्वतः सायकल मारून ते तपासले. चार ठिकाणी समुद्र दिसला. उरलेल्या सात ठिकाणी झुडपं, भिंती, एके ठिकाणी नुसता खडीचा ढीग. थांबे आईच्या हौसेचे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बाबांनी प्रस्तावनेतच चिमटा काढला होता: 'आमच्या मंडळींना दर दोन मैलांवर समुद्र आठवतो. माझ्या हाती असतं, तर मी पाणी प्यायलाही उतरलो नसतो.'

आणि ते खरंच उतरले नसते. त्यांच्या सायकलवाल्या टोळक्याचा नियमच होता: चढावर ज्याचा पाय जमिनीला टेकेल, त्याने परतल्यावर सगळ्यांच्या सायकली धुवायच्या. सूट एकच. कोणी देखावा बघायला थांबलं, तर ते पाय टेकणं धरायचं नाही. तीस वर्षांत बाबांनी दुसऱ्याची एकही सायकल धुतली नव्हती. दुकानात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला ते हे ऐकवत, नुसती हवा भरायला आलेल्यालाही.

"हे सात काढून टाकते," मुलगी म्हणाली. "उगाच लोकांची फसवणूक नको. तुला वाईट नाही ना वाटणार? तुझी हौस होती म्हणून विचारते."

"मला कसली हौस," आई म्हणाली. "समुद्राचा वारा बाधतो मला. कान ठणकतात."

मुलीला ती थट्टा वाटली. पण आईने ट्यूब घमेल्यात सोडून दिली होती आणि ओले हात तसेच मांडीवर ठेवले होते.

"पन्नाशी आली आणि त्यांना चढावर धाप लागायला लागली. ओठ निळे पडायचे. डॉक्टरचं नाव काढलं की घर डोक्यावर घ्यायचे. 'उतरा' म्हटलं असतं तर जीव गेला तरी उतरले नसते. मग मी मागून ओरडायचे, अहो, थांबा, मला समुद्र बघायचाय. कुरकुर करायचे, पण माझ्यासाठी थांबायचे. त्यांचा श्वास खाली बसेपर्यंत मी त्या भिंतीकडे बघत उभी राहायचे."

मुलीने फळीवरून जुन्या आवृत्त्या काढल्या. पहिलीत चार थांबे, चारही खरे. दुसरीत सहा. तिसरीत आठ. चौथीत अकरा.

"त्यांना कधीच कळलं नाही?"

"कळू दिलं नाही. माणूस मानी. म्हटलं, असू दे माझ्या नावावर."

बाबा गेले ती सकाळ दोघींनाही पाठ होती. आईचा गुडघा सुजला होता, म्हणून बाबा एकटेच निघाले. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. "आज मंडळी नाहीत," ते त्यांना म्हणाले होते, "आज थांब्याबिंब्यांची भानगड नाही. एका दमात वर जातो." मुलगी हसली होती. "बघू या बाबा, मी वेळ मोजते," असं म्हणून तिने घड्याळही लावलं होतं. ते सापडले सातव्या थांब्याच्या थोडे पुढे, चढावर.

"मी दारापर्यंत आले होते," आई म्हणाली. "अगदी ओठांवर आलं होतं. पण चारचौघांत कसं सांगायचं? म्हटलं, संध्याकाळी सांगीन. सांगायला हवं होतं गं मी."

मुलीला क्षणभर आईचा राग आला. मग घड्याळ आठवलं, आणि तो राग कुठल्या कुठे गेला. ती उठून आईशेजारी उंबऱ्यावर बसली. बराच वेळ दोघी रडल्या. एक गिऱ्हाईक आलं, बघून आल्या पावली परत गेलं.

नंतर मुलीने रबर घेतलं आणि लाल रेघा खोडायला लागली.

"खोटं नको ठेवूस," आई डोळे पुसत म्हणाली. "आता खरं काय ते लिही."

मुलीने सहाव्या थांब्यावरचा समुद्र खोडला, थोडा विचार केला आणि त्या जागी लिहिलं: 'इथे बघण्यासारखं काही नाही. दहा मिनिटं थांबा.'